जुने दुखणे, विहाराचे काम आणि आपले गाणे



मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, पूर्ण तीन महिने. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला एक ताई बसायच्या. चार घरची धुणीभांडी करून यायच्या, पांढरे लुगडे नेसायच्या आणि मांडी घालून दीड तास वाचायच्या. आवाज खणखणीत. याच ताई महिला मंडळाच्या गाणे-पथकात पुढे उभ्या राहून गायच्या. गुडघे आणि कंबर सहा-सात वर्षांपासून दुखत होती, पण बोलायच्या नाहीत.

श्रावणात त्यांनी गाण्याच्या सरावाला येणे बंद केले. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "गाणं काय बाई, हौसेचं. वाचन धम्माचं आहे, ते सोडून कसं चालेल?" भाद्रपदात त्या रोज मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी घेऊन वाचायला बसू लागल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, बहुतेक वेळा उपाशीपोटी. समारोपाला आठ दिवस राहिले असताना त्यांना चक्कर आली. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, तेही त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा कळले की पोटात जखम होऊन रक्त जात होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

तिकडे मंडळात एक बाई बोलून गेल्या, "ऐन समारोपाला पाय मागे घेतला."

या प्रकरणात चूक आमचीही आहे. आम्ही रोज समोर बसत होतो. ताई दर पाच मिनिटांनी गुडघा इकडून तिकडे सरकवतात हे आम्हाला दिसत होते. नर्सिंगचा डिप्लोमा, इतकी वर्षे वॉर्डात काढलेली, आणि तरी आम्ही गप्प राहिलो, कारण वाचन छान चालले होते. शिवाय आमची स्वतःची कंबर वॉर्डात रुग्ण उचलून उचलून गेलेली आहे, तिलाही आम्ही असेच दामटत आलो. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान या विषयावर लिहायचे ठरवले. जुने दुखणे घेऊन समाजाचे काम कसे करायचे, आणि आपल्या आवडीची गोष्ट न सोडता कसे करायचे, हा तो विषय.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणे म्हणतात. ताज्या दुखण्याचा अर्थ सरळ असतो. बोट कापले, दुखले, म्हणजे शरीर सांगते की तिथे इजा आहे, सांभाळ. जखम भरली की दुखणे जाते. जुनाट दुखण्यात मात्र तसे नेहमी होत नाही. विहारातल्या भोंग्याचा आवाज कोणी वाढवून ठेवला आणि बटण तिथेच अडकले, तर हळू बोललेलेही कर्कश ऐकू येते. महिनोन्‌महिने दुखत राहिले की पाठीचा कणा आणि मेंदू यांतल्या नसांचे तसेच होते. थोड्या श्रमानेही जास्त दुखू लागते. म्हणजे दुखणे खोटे नसते, 'मनाचे खेळ' तर मुळीच नसतात. पण जितके दुखते तितके आत मोडले आहे, असेही दर वेळी नसते. हे एवढे कळले की निम्मी भीती जाते. घाबरून अंथरूण धरलेल्या माणसाचे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि दुखणे आणखी वाढते.

आपल्या वस्त्यांत हे दुखणे कुठून येते ते सांगायला शहाणा माणूस लागत नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन; तसे सहा हंडे रोज, नळ गल्लीच्या टोकाला. उकिडवे बसून भांडी, वाकून झाडू, बांधकामावर डोक्यावर घमेले, बिडीच्या सुपापुढे मान खाली घालून दहा तास. वर मधुमेह असला तर तळपायांची आग. चिकनगुनिया होऊन गेला तर सांधे महिनोन्‌महिने ठणकतात. हे कष्टाचे दुखणे आहे, मागच्या जन्मीचे काही नाही.

उचल आणि व्याज

बचत गटातल्या बायकांना ही गोष्ट लगेच कळते. एखाद्या सकाळी दुखणे कमी असते. मग आपण काय करतो? आज बरे वाटते म्हणून राहिलेले सगळे उरकतो. गोधड्या धुतो, घर सारवतो, मंडळाची वर्गणी मागायला चाळीस घरे फिरतो, रात्री सरावालाही जातो. ही झाली उचल. दुसऱ्या दिवशी शरीर व्याजासकट वसुली करते आणि तीन दिवस उठता येत नाही. पुन्हा बरे वाटले की पुन्हा उचल. असे वर्षभर चालले की बरे दिवस कमी कमी होत जातात, आणि घरचे म्हणतात, "कधी पळते, कधी झोपते, हिचं काही खरं नाही."

यावर उपाय आहे. साधा आहे, पण जिवावर येतो. दुखू लागल्यावर थांबायचे नाही, दुखण्याच्या आधी थांबायचे. म्हणजे थांबायचे ते घड्याळ बघून.

घड्याळ कसे लावायचे ते ताईंच्याच उदाहरणाने सांगतो. दवाखान्यातून आल्यावर महिन्याभराने आम्ही त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी खुर्चीवर बसून वाचायला सांगितले आणि दुखणे वाढायला लागले की मिनिटे लिहून ठेवली. एका दिवशी २० मिनिटे, एका दिवशी ३०, एका दिवशी २५. सरासरी २५. त्यातला पाचवा भाग कमी केला, राहिली २० मिनिटे. हे त्यांचे माप. वीस मिनिटे झाली की कितीही बरे वाटत असो, उठायचे, चार पावले चालायचे, पाणी प्यायचे, मग पुढे. आठ-दहा दिवस हे जमले की दोन मिनिटे वाढवायची, त्याहून जास्त नाही. वाईट दिवशी माप निम्मे करायचे, पण शून्य करायचे नाही. चांगल्या दिवशी माप ओलांडायचे नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, कारण चांगल्या दिवशी आपल्याला कोणाचे ऐकू येत नाही.

प्रत्येक कामाचे माप वेगळे असते. बसण्याचे वेगळे, उभे राहण्याचे वेगळे, चालण्याचे वेगळे. गाण्याचे ताईंचे माप पाऊण तास निघाले, बसून वाचण्याच्या दुपटीहून जास्त. जे सोडून दिले तेच त्यांना सगळ्यात कमी त्रास देत होते! श्रावणात कोणी मोजले असते तर कळले असते.

पाण्याचेही तसेच. हंड्याऐवजी पाच-पाच लिटरचे दोन कॅन दोन हातांत घेतले तर भार दोन्हीकडे सारखा पडतो. खेपा वाढतात, कबूल. त्या खेपा घरातल्या मुलाने घातल्या तर त्याचे हात झिजत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

हौस म्हणजे चैन नव्हे

आमच्या पाहण्यात दुखणेकरी माणूस, विशेषतः बाई, सगळ्यात आधी स्वतःची वस्तू सोडते. गाणे सोडते, भरतकाम सोडते, डब्यांत लावलेली झाडे सुकू देते, वाचनालयाचे पुस्तक परत करून टाकते. कमाईचे काम सोडता येत नाही, घरचे सुटत नाही, समाजाचे सोडायला लाज वाटते. उरते ते हौसेचे. पुरुषांचेही होते. आमच्या गल्लीत सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, पूर्वी लेझीम खेळायचे. मणक्याचा त्रास झाल्यापासून आखाड्याकडे फिरकत नाहीत, आणि दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघतात.

वैद्यकीय बाजूने हे उलटे आहे. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू ठरवतो की आवाज किती मोठा ठेवायचा. मन एखाद्या गोष्टीत रमले की शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, आवाज खाली येतो. गाताना श्वास लांब होतो, आखडलेले खांदे सैल पडतात. उलट, आवडीचे सगळे गेले की मन खचते, झोप उडते, आणि झोप नसली की दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते. तेव्हा गाणे, शिवण, झाडे ही औषधाच्या कागदावर लिहिण्याची वस्तू आहे. आमच्या हातात असते तर आम्ही लिहिलीच असती.

छंद आहे तसाच ठेवता आला नाही तर त्याचे रूप बदलायचे. लेझीमवाल्या काकांना आम्ही पोरांना ठेका शिकवायला नेले. खुर्चीवर बसून तोंडाने मोजतात, अर्धा तास. गोधडी शिवणाऱ्या आजी जमिनीवरून टेबलावर आल्या आणि एका बैठकीला एकच ओळ शिवतात. हिवाळ्यात पूर्ण होणारी गोधडी आता उन्हाळ्यात पूर्ण होईल. होऊ दे.

समाजाचे काम वाटून घ्यायचे

आता अवघड भाग. विहारात 'मला दुखते' म्हटले की कोणी ना कोणी बाबासाहेबांचे नाव काढतो. बाबासाहेबांनी एवढे दुखणे सोसून काम केले, आणि तुम्हाला गुडघ्याचे कौतुक! हे ऐकून माणूस गप्प बसतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी ते हैराण असत, हे सगळे खरे. पण पूर्ण सांगायचे तर हेही सांगा की त्यांनी उपचार घेतले. इन्सुलिन घेतले. उपचारांच्या निमित्ताने ज्या डॉक्टर शारदा कबीर यांची ओळख झाली त्यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. त्यांचे औषध, पथ्य, विश्रांती याकडे बघणारे डॉक्टर माणूस घरात होते. आणि एवढ्या कामातही ते उतारवयात व्हायोलिन शिकत होते, चित्रकलेचा नाद करत होते. ज्यांना बाबासाहेबांचे उदाहरण द्यायचे आहे त्यांनी व्हायोलिनसकट द्यावे.

तथागतांचेही सांगतो. मज्झिम निकायात सेख सुत्त आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते आणि पहिला मान भगवंतांना दिला होता. रात्री उशिरापर्यंत त्यांनी उपदेश केला. मग आनंदांना सांगितले की माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, मी जरा आडवा होतो. चीवराची घडी घालून ते उजव्या कुशीवर पडले. सभा मोडली नाही. आनंदांनी उपदेश पूर्ण केला, आणि भगवंतांनी उठून त्यांना शाबासकी दिली. शाक्यांच्या नव्या सभागृहात, भरल्या सभेत, पाठ दुखते म्हणायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र दहा बाय बाराच्या विहारात वाटतो.

म्हणून आमचे मंडळांना सांगणे असे की कोणतेही काम एका माणसाच्या नावावर ठेवू नका. वर्षावासाच्या वाचनाला दोन-तीन वाचक लावा, वीस-वीस मिनिटांचे. एक दुखण्याने नाही आली तर दुसरी पुढे वाचेल, कोणाला खुलासा द्यावा लागणार नाही. भोजनदानाच्या स्वयंपाकाला तासाच्या पाळ्या लावा. पोळ्या लाटणारीला एक तासाने भाजी निवडायला बसवा. हिशेब, यादी, फोन करणे ही बसून होणारी कामे दुखणेकऱ्यांसाठी राखून ठेवा. आणि दुखणेकऱ्यांनी 'बघू, जमलं तर' असे म्हणू नये. त्याने मंडळाची पंचाईत होते. 'मी अर्धा तास येईन, सात ते साडेसात' असे सांगावे आणि साडेसातला उठून जावे. पहिल्या दोन-तीन वेळा नजरा झेलाव्या लागतात.

मोठ्या दिवसांचे आधीपासून ठरवावे लागते. १४ एप्रिलला ऊन असते, मिरवणूक चार-पाच तास चालते. शेवटच्या चौकात खुर्ची टाकून बसणे हेही मिरवणुकीला येणेच आहे. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे तर दोन्ही एकाच वर्षी नको, आलटून पालटून जा. रांगेत घडीचा स्टूल आणि पाण्याची बाटली ठेवा, आणि आल्यावर दोन दिवस कोणतेही काम लावून घेऊ नका. जाण्याच्या आदल्या दिवशी घर झाडून-पुसून लख्ख करायची आपल्याला खोड आहे, ती सोडा.

गोळ्यांविषयी

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशा गोळ्या चार दिवसांच्या दुखण्याला उपयोगी आहेत. महिनोन्‌महिने, त्यातही उपाशीपोटी घेतल्या तर पोटात जखम होते, मूत्रपिंड खराब होते, रक्तदाब वाढतो. ज्यांना मधुमेह, बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शौचाला काळे झाले तर वाट न बघता दवाखाना. कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. एका दिवसात जादू होते, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर एकदम बंद करणेही धोक्याचे आहे. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरे सांगा.

काही वेळा डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिनची लहान गोळी देतात. कोणीतरी सांगते, ती वेड्यांची गोळी आहे, आणि माणूस ती फेकून देतो. ही गोळी मोठ्या मात्रेत उदासीच्या आजारावर देतात, लहान मात्रेत नसांच्या दुखण्यावर आणि झोपेसाठी. तोंड कोरडे पडते, सकाळी जरा सुस्ती येते, तेवढे सांगून ठेवलेले बरे.

आणि फिजिओथेरपी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिची ओपीडी असते. तिथे जाऊन मांडीचे आणि कमरेचे व्यायाम शिकून घ्या. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्या. गुडघ्याला याचा जितका आधार मिळतो तितका पट्ट्याने मिळत नाही.

हे सगळे सांगितले तरी काही दुखणी घड्याळ लावून सांभाळायची नसतात, ती आधी तपासायची असतात. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या वस्त्यांत तो आहे. पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, यात एक दिवसही घालवू नका. दोन्ही हातांची बोटे सुजून सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील तर तो संधिवात असू शकतो; लवकर औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होत नाहीत. त्यावर मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे. त्याचे दुखणे निराळे. पाणी कमी पडले, थंडी लागली, अति श्रम झाले, ताप आला की त्याची कळ उठते. त्या मुलांना जयंतीच्या उन्हात नाचायला आणि डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपायला लावू नका. ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर सरळ रुग्णालय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या.

ताईंचे आता कसे आहे, असे वाचक विचारतील. गुडघे दुखतातच. चार घरांपैकी एक घर त्यांनी सोडले, त्याची ओढाताण आहे. रविवारी सरावाला येतात, तीन गाणी म्हणतात आणि उठतात. या वर्षावासात तीन वाचक होते, त्यांची पाळी दुसरी.

खुर्चीवरून मात्र मंडळात दोन बैठका झाल्या. बुद्धरूपासमोर उंचावर बसायचे का, असा एकीचा प्रश्न होता. भंतेजींनीच सांगितले की आजारी माणसाने जमेल तसे बसावे, हात जोडलेले पुरेत. मग वर्गणीतून चार खुर्च्या घेतल्या आणि भिंतीच्या कडेला ठेवल्या. पहिल्या घेतल्या त्या बिनहाताच्या, स्वस्त म्हणून. त्यावरून उठताना एका आजींचा तोल गेला. तुम्ही घ्याल तेव्हा हाताच्या घ्या, टेकून उठता येते.